शुभेच्छांची शेजपाळी

मुलांनो, आज पाटी-पुस्तक नको, फक्त थोडी कल्पना करायची आहे. असं समजा, की तुम्ही सांगलीत राहता आणि साल एकोणीसशे शहाण्णव आहे. आईच्या पर्समध्ये मोबाईल नाही, बाबांच्या उशाशी नाही, मुळात तो कुणी पाहिलेलाच नाही. अख्ख्या कॉलनीत टेलिफोन आहेत ते बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्यांच्या घरी आहेत ते त्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवतात.

आता असं समजा, की आज तुमचा वाढदिवस आहे. संध्याकाळी कॉलनीतल्या प्रत्येक टीव्हीवर तुमचा फोटो दिसतो आहे. फोटोशेजारी दगडी पाटी. कुणी शुभेच्छा द्यायला फोन केला, की पाटीवर खडूची एक रेघ. आईबाबा बघताहेत, वर्गातली पोरं बघताहेत, जिच्याशी तुमची कट्टी आहे ती तर सर्वांत पुढे बसून बघते आहे. पाटी कोरी आहे. फोन वाजत नाही.

कसंतरी वाटलं ना? बस. तेवढं लक्षात ठेवा आणि गोष्ट ऐका.

हा पाटीचा उद्योग तानाजीचा. तानाजी मूळचा कवठे महांकाळचा. सांगलीत येऊन त्यानं गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि घरोघर केबल दिली. पुढे त्याला एक कॅमेरा मिळाला. कॅमेरा मिळाल्यावर माणूस स्वस्थ कसा बसेल? त्यानं आपल्या खोलीतून रोज संध्याकाळी 'आजचे वाढदिवस' सुरू केलं. पुठ्ठ्यावर फोटो, बाजूला पाटी, आणि फोनचा रिसीव्हर थेट माइकला लावलेला, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा.

आठ दिवसांत कॉलनीतल्या पोरांना दुसरं काही सुचेना. भाऊसोंच्या सोनमचा वाढदिवस झाला तेव्हा पाटी भरली आणि तानाजीला दुसरी आणावी लागली. भाऊसोंची तासगावकडे द्राक्षबाग. त्यांचे पाहुणेरावळे द्राक्षाच्या घडासारखे, एक ओढला की पन्नास येतात. त्याच आठवड्यात अवधूतचा वाढदिवस आला. त्याला दोन फोन आले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव 'दोन रेघा' पडलं, आणि त्याच्या पोटात रोज सकाळी बरोबर शाळेच्या वेळेला दुखायला लागलं.

हे सगळं नारायणराव आपल्या खुर्चीतून पाहत होते. नारायणराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. साताऱ्याहून बदलून आलेले, शांत आणि नियमाचे. त्यांची अबोली पाचवीत होती आणि तिचा वाढदिवस महिन्यावर आला होता. ती जेवताना मधेच थांबायची आणि विचारायची, "बाबा, वाईची आजी फोन करेल ना? तिला करता येतो ना?" एकदा तर ती झोपेत कुणाकुणाची नावं घेत होती. क्षमाताईंनी सकाळी नवऱ्याला सांगितलं, "पोरगी झुरतेय. काहीतरी करा."

"काहीतरी करा" हे शब्द सरकारी माणसाला ऐकवू नयेत. तो खरंच काहीतरी करतो.

नारायणराव आधी तानाजीकडे गेले.

"तानाजी, हे बंद कर. मुलांच्या मनावर परिणाम होतोय."

"आवं काका, बंद क्येलं तर पोरं माज्या छत्रीवर दगडं मारतील! लोकांस्नी लय आवडतंय."

"अवधूत शाळेत जात नाही."

"त्येला मी काय करू? मी का फोन अडवतोय?" मग तानाजी जवळ सरकला. "तुमी आबोलीची काळजी करता व्हय? मी आपला खडूनं धा रेघा जास्तीच्या वडतो की. कुणाला कळतंय!"

नारायणरावांच्या उभ्या हयातीत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. ते जिना उतरले आणि खाली येऊन चप्पल उलटी घातली.

शेजारी सुमंतकाका राहायचे. यांना प्रत्येक कचेरीत कुणीतरी ओळखीचं असायचं आणि कुठल्याच कचेरीत त्यांचं काम झालेलं नसायचं. ते म्हणाले, "नारायणराव, तानाजीच्या तोंडी कशाला लागता? केबल म्हणजे करमणूक. करमणूक म्हणजे करमणूक कर. कलेक्टर कचेरीत जा, वरून हुकूम आणा."

नारायणराव अर्ज घेऊन गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

"यात तुम्ही लिहिलंय, की मुलांना याचा त्रास होतो."

"होय, फार."

"मग ही करमणूक नाही. आमच्या शाखेत फक्त करमणूक येते."

"पण बाकीच्यांची होते ना करमणूक!"

"त्यांची तक्रार आहे का?"

नारायणराव स्वतः वीस वर्षं अशीच उत्तरं देत आले होते, त्यामुळे त्यांना राग आला नाही, उलट कारकुनाबद्दल किंचित आदरच वाटला. सुमंतकाका म्हणाले, "चुकलंच. खरं मूळ फोनमध्ये आहे. टेलिफोन कचेरीत जा." तिथे खिडकीतल्या बाईंनी पेन काढलं. "फोन लागत नाही का?"

"लागतो. तोच प्रश्न आहे."

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. "लागत नाही, आवाज येत नाही, खरखर येते. तीनच तक्रारी आहेत आमच्याकडे. लागतो, ही तक्रार घेता येत नाही."

त्या दिवशी नारायणराव घरी आले तेव्हा अबोली शाळेतून आलेली होती आणि आरशासमोर उभी राहून हसण्याचा सराव करत होती. पाटी कोरी राहिली तर आपल्याला वाईट वाटलं नाही असं दिसावं, म्हणून. नारायणरावांनी चहा तसाच ठेवला.

आणि मग त्यांना सुचलं. मुलांनो, माणसाला जे येतं तेच त्याला सुचतं. सुताराला खिळा सुचतो. नारायणरावांना कालवा सुचला.

कालव्याचं असं असतं: तोंडाशी ज्यांची शेतं, ते मनसोक्त पाणी घेतात, शेपटाकडच्यांची पिकं वाळतात. म्हणून खात्यानं शेजपाळी घातली. शेजारीशेजारी, एकामागून एक, ज्यानं त्यानं आपल्या पाळीला पाणी घ्यायचं, जास्त नाही, कमी नाही. सोनमकडे महापूर आणि अवधूतकडे दुष्काळ, हा काय पाण्याहून वेगळा प्रश्न होता? नारायणरावांनी कॉलनीची बैठक बोलावली आणि उभं राहून शांतपणे मांडलं: प्रत्येक मुलाला पंधरा फोन. चौदा नाहीत, सोळा नाहीत. कोणत्या घरानं कुणाला फोन करायचा ते पाळीनं ठरेल. पाळीबाहेरचा फोन तानाजीनं घ्यायचा नाही.

बैठकीत सगळे एकदम बोलले.

"सुरुवात कुठनं?"

"शेपटाकडून. म्हणजे नाल्याकडच्या घरांपासून. खात्याचा तसा दंडक आहे."

"ज्यांच्याकडे फोन नाही?"

"चौकात सयाजीचा बूथ आहे."

भाऊसो उठले. "सायेब, आमचं पै-पाव्हणं लय हाय. त्येंनी फोन करायचाच न्हाई व्हय? आमी काय पानी चोरतोय?"

"भाऊसो, विहिरीचं पाणी वेगळं, कालव्याचं वेगळं. पाहुण्यांनी घरी यावं, आशीर्वाद द्यावा, जेवून जावं. पाटीवर रेघ मात्र पाळीचीच."

भाऊसोंना हे पटलं, कारण विहिरीचा दाखला शेतकऱ्याला नेहमीच पटतो. ठराव मंजूर झाला. एवढ्यात अवधूतची आई म्हणाली, "आमच्या अवधूतचं काय? त्याचा वाढदिवस तर होऊन गेला." नारायणरावांनी क्षणभर विचार केला आणि अवधूतचा वाढदिवस पूर्वलक्षी प्रभावानं पुन्हा मंजूर केला. त्या बैठकीत टाळ्या पडल्या त्या एवढ्यालाच.

पहिला आठवडा बरा गेला. बरा म्हणजे, कालव्याच्या मानानं बरा. नाल्याकडच्या बनुबाईंची पाळी पहिली असायची आणि त्या फोनवर आल्या की जात्यावरची ओवी म्हणायच्या. एक संपली की दुसरी. तोवर पुढची घरं फोन लावून लावून दमायची. शेवटी नारायणराव स्वतः धावत जाऊन बनुबाईंच्या हातून रिसीव्हर अलगद काढून घ्यायचे. कालव्यावर दारं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. कॉलनीतली पोरं त्यांना पाटकरीकाका म्हणू लागली. हेडक्लार्क माणूस! त्यांना ते लागलं; पण अबोली आता दोन वेळा नीट जेवत होती, म्हणून त्यांनी ते गिळलं.

मग अवधूतचा दुसरा वाढदिवस आला. पाटी भरत चालली होती. अवधूत टीव्हीसमोर ताठ बसला होता. पुढची पाळी सुमंतकाकांची. पण ते लग्नाला साताऱ्याला गेले होते. मात्र माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी भर मांडवातून उठून, बूथ शोधून फोन लावला, आणि सगळ्या कॉलनीनं त्यांचा आवाज ऐकला:

"हॅलो, साताऱ्याहून सुमंत बोलतोय. आज आमची पाळी आहे. कुणाचा वाढदिवस आहे हो?"

तानाजी म्हणाला, "अवधूतचा, काका."

"बरं बरं. मुलगाच ना? शुभेच्छा. पाळी झाली म्हणून टिपून घ्या, नाहीतर नारायणराव मला विचारतील."

मुलांनो, मोठ्या माणसांना वाटतं की त्यांच्या बैठका मुलांना कळत नाहीत. त्या संध्याकाळी सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या मैदानावर पोरांनी अवधूतला घेरलं. "ए, तुझे पंधराच्या पंधरा पाळीचे!"

अवधूतनं बॉल हातात फिरवला. मग म्हणाला, "असू देत पाळीचे. पण माझे पहिले दोन तर खरे होते ना? त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

पोरांनी माना डोलावल्या. हे बरोबर होतं. अवधूतच्या पोटात त्या दिवसापासून दुखायचं थांबलं. पण पोरांच्या डोक्यात नवीनच हिशेब सुरू झाला: पाळीचे पंधरा काय, कुणालाही येतात. पाळीबाहेरचे किती आले? पाळीबाहेरचा फोन तानाजी घेत नव्हता, म्हणून तर त्याची किंमत चढली. कुणी तानाजीच्या दारात जाऊन रडून एक मंजूर करून आणला, तर तो पोरगा आठवडाभर कॉलर वर करून फिरायचा.

आणि अबोली पुन्हा अर्धी पोळी टाकून उठायला लागली.

"बाबा, मला पाळीबाहेरचा एक तरी येईल का?"

आता नारायणरावांची पंचाईत बघा. इतरांच्या मुलांसाठी लोक एखादा चोरटा फोन करतही. पण नियम घालणाऱ्याच्याच घरी नियम कोण मोडणार? सुमंतकाकांना त्यांनी सहज, हवापाण्यासारखं विचारून पाहिलं, "शनिवारी अबोलीचा वाढदिवस. तुमची पाळी नाही ना त्या दिवशी?"

सुमंतकाकांनी छातीवर हात ठेवला. "निश्चिंत राहा, नारायणराव. तुमच्या घरी एकसुद्धा जादा फोन येणार नाही. सगळ्यांना बजावून ठेवलंय मी."

भाऊसोही वाटेत भेटून म्हणाले, "सायेब, आमच्या पाव्हण्यांस्नी सांगून ठिवलंय. तुमचा मान हाय त्यो."

क्षमाताई म्हणाल्या, "मी वाईला दादाला कळवते. तो करील फोन."

"नाही," नारायणराव म्हणाले. "ते नियमाला धरून नाही."

"नियम तुमचा. पोरगी दोघांची." असं म्हणून क्षमाताईंनी कणीक इतकी तिंबली, की त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या.

शनिवार आला. अबोलीनं आकाशी फ्रॉक घातला. शिरा झाला. सगळे टीव्हीसमोर बसले. बनुबाईंच्या ओव्या झाल्या, पाटीवर एकेक रेघ पडू लागली. अबोली प्रत्येक फोनला हसत होती. आरशासमोर सराव केलेलं ते हसणं नारायणरावांनी लगेच ओळखलं. दहावी रेघ पडली आणि ते उठले. "जरा येतो. दही संपलंय ना?"

दही संपलं नव्हतं, पण क्षमाताईंनी त्यांना जाऊ दिलं.

ते तडक चौकात सयाजीच्या बूथवर गेले. सयाजीनं फळीवर छोटा टीव्ही ठेवला होता आणि तो तेच बघत होता. नारायणराव काचेच्या खोपटात शिरले, दार ओढून घेतलं, रिसीव्हरवर रुमाल धरला आणि पंधरावी रेघ पडायची वाट बघत उभे राहिले. ती पडली. त्यांनी नंबर फिरवला.

"पाळी संपली वो पाव्हणं!" तानाजी म्हणाला.

"आरं, पर मी लय लांबनं बोलतुया," नारायणराव म्हणाले. कालव्यावर शेतकऱ्यांचं बोलणं ते वर्षानुवर्षं ऐकत आले होते, त्यामुळे ते बरं जमलं. "कवठ्यास्नं. आप्पासो म्हंत्यात मला. पोरीचा मामा हाय मी."

"कवठ्यास्नं?" तानाजी खुर्चीतून उठलाच. "आवं, मग तुमाला कोण अडवतंय! माजं गाव त्ये! बोला की!"

"आबोली, लय मोठी हो गं पोरी. कुनी न सांगता फोन क्येलाय बरं का मी. मनापास्नं क्येलाय."

हे वाक्य त्यांनी वाटेत चार वेळा घोकलं होतं आणि ते छान झालं. तेवढ्यावर फोन ठेवला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गावचा माणूस भेटल्यावर तानाजी त्याला सोडतोय होय? त्यानं जिव्हाळ्यानं विचारलं:

"मामा, गावात काय म्हंतंय? कालव्याचं पानी कवा येनार वो आपल्याकडं?"

मुलांनो, नारायणरावांना हा प्रश्न वीस वर्षं रोज विचारला गेला होता. टेबलाशी, रस्त्यात, लग्नात, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या दाढीवर. त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागत नसे. ते आपोआप बाहेर पडे. तसंच ते पडलं. रुमालामागून, स्वच्छ, शुद्ध, सावकाश आवाजात:

"सदर बाब शासनाच्या विचाराधीन आहे."

टीव्हीवर तानाजीचा खडू हवेत थांबला. सयाजीनं मान वळवून काचेकडे पाहिलं. मग नाल्यापासून चौकापर्यंत, घराघरातून, एकच हसू फुटलं. टीव्हीचा आवाज बंद असता तरी ते ऐकू आलं असतं.

नारायणरावांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. पण खोपटातून बाहेर यावं असं त्यांना वाटेना. सयाजी भला माणूस. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला आणि काचेवर हळूच टकटक केली. "मामा, च्या सांगू का?"

तिकडे तानाजी कॅमेऱ्याकडे बघून विचारत होता, "काका, ही रेघ धरायची का न्हाई? ठरावात कसं बसतंय त्ये तुमीच सांगा."

सगळी कॉलनी निकालाची वाट बघू लागली. आणि ज्यांनी निकाल द्यायचा, ते काचेच्या पेटीत घामानं भिजून उभे होते. त्यांना लोकांच्या हसण्याचं नव्हतं एवढं वाईट वाटत. त्यांच्या डोळ्यांपुढे अबोलीचा चेहरा होता. उद्या मैदानावर तिला काय म्हणतील? 'दोन रेघा' परवडलं असतं.

एवढ्यात रस्त्यावरून आकाशी फ्रॉक पळत येताना दिसला. अबोली बूथच्या दाराशी थांबली. धापा टाकत होती. आधी तिनं टीव्हीवरच्या आपल्या फोटोकडे पाहिलं, मग काचेतल्या बाबांकडे. बाबांच्या हातात अजून रुमाल होता. तिचे ओठ हलले, आणि नारायणरावांना वाटलं, आता ही रडणार.

ती हसली. आरशातलं नव्हे, बाजूच्या पडलेल्या दाताची फट दिसेल असं, पोट धरून.

मग तिनं खोपटाचं दार उघडलं, बाबांना कोपऱ्यात सरकवलं, टाचा उंचावून रिसीव्हर घेतला आणि नंबर फिरवला. टीव्हीवर फोन वाजला.

"तानाजीकाका, अबोली बोलतेय. मामांची रेघ धरा. आणि माझा फोटो आता खाली ठेवा. आम्हाला जेवायचंय."

"आगं पर, आजून पाच मिन्टं हायती तुजी. कुनाचा येईल की फोन!"

"नको काका. शिरा गार होतोय."

तिनं फोन ठेवला. टीव्हीवर तानाजीनं एक रेघ ओढली, पुठ्ठा उचलला आणि पडद्यावर नुसती भिंत राहिली. बापलेक घराकडे निघाले. वाटेत प्रत्येक ओट्यावरून कुणीतरी "रामराम मामा!" म्हणत होतं आणि नारायणराव मान खाली घालून प्रत्येकाला रामराम करत होते.

दारात क्षमाताई उभ्या होत्या. "या. बारा वर्षं संसार केला, आणि आज भर कॉलनीत माझे भाऊ झालात. आता भाऊबीजेची ओवाळणी काढा आधी!"

नारायणराव पाटावर बसले. आणि अबोलीनं काय केलं? तिनं ताटं घेतली. आईचं मांडलं, आपलं मांडलं, बाबांचं मांडलं, आणि बाबांच्याच पुढ्यात आणखी एक मांडून त्यात शिऱ्याची मूद वाढली. "हे मामांचं," ती म्हणाली. "लांबून आलेत." मग स्वतःच्या ताटातली पोळीन् पोळी संपवत ती समोर बसून राहिली, आणि दोन्ही ताटं स्वच्छ होईपर्यंत तिनं बाबांना उठू दिलं नाही.